कानपिळी

घोंगडीला शिव्या देणारा माणूस ती घेणार की नाही, हे मी त्याच्या हातावरून ओळखायचो. तोंडानं तो म्हणत असतो, "ही काय घोंगडी हाय व्हय? हिच्यातनं चांदण्या दिसत्यात. मेंढरं उपाशी मेली हुती काय तुमची?" पण हात घोंगडीवरच असतो, अंगठा काठ चाचपत असतो. असा माणूस खेळत असतो. मग आपणही खेळायचं. "पावणं, सासऱ्यानं ह्याच्यापेक्षा बरी दिली असंल तर तीच पांघरा की," असं म्हणायचं. चार माणसं हसतात, तोही हसतो आणि सौदा होतो. शिवी देता देता ज्यानं हात उचलला तो खरंच निघाला, त्याच्यापुढं गप्प बसायचं. कवठे महांकाळच्या बाजारात मी हे उभ्याउभ्या शिकलो. वडील मला मिसरूड फुटायच्या आत गेले. खांद्यावर चार घोंगड्या टाकून मी सुरुवात केली, आणि पंचविशीच्या आत माझा माल साताऱ्याला जाऊ लागला, पावसाच्या तोंडावर तर पार महाबळेश्वरापर्यंत.

हे सांगतो ते एवढ्यासाठी की आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत माझी ओळखच अशी करून देतात, "ह्यास्नी थट्टा कळत न्हाई." मला थट्टा कळते. माझं पोट थट्टेवर चाललं. एकदा कळली नाही, आणि ती कळू नये अशीच माणसांनी ती केली होती, हे माझं म्हणणं आजही आहे. पण त्या एकदाचं जे काही झालं ते मला झालं नाही, माझ्या बहिणीला झालं.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला स्थळ आलं ते साताऱ्याकडचं, कृष्णाकाठचं. बारमाही पाणी, ऊस, घरचं गुऱ्हाळ. मुलगा दोन वर्षं फौजेत राहून, पायाला लागलं म्हणून नाव कटून परत आलेला. किंचित लंगडायचा, पण बोलायला मोकळा आणि सदा हसतमुख. फौजेतनं त्यानं एक शब्द आणला होता, मजाक. काही बोलला की शेवटी, "मजाक हाय, मजाक." त्याला वडील नव्हते, म्हणून बोलणी चुलत्यानं केली. चुलता जाडजूड, मिशाळ माणूस. बैठकीत पानाला चुना लावता लावता त्यानं मला विचारलं, "तुमच्या माळावर पोरीस्नी अंगूळ रोज घालत्यात का बाजारादिवशी?"

सोपा हसला. मी म्हणालो, "रोज घालतो, आवं. पाणी लय झालं की माणूस इसरतो, तसं आमचं न्हाई."

चुलत्यानं मांडी थापटली. "पोरगं तिखट हाय," म्हणाला. मीही हसलो. तिथवर सगळं ठीक होतं.

बोलणी संपत आली तेव्हा मी एकच गोष्ट धरून बसलो. कानपिळीचा मान म्हणून मला कोरा फेटा पाहिजे. लग्नात नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, बहिणीला नीट नांदव म्हणून दम द्यायचा, आणि त्याबद्दल नवऱ्याकडच्यांनी त्याला फेटा बांधायचा, ही आमच्याकडची रीत. पण ते लढाईचे दिवस होते. कापड कंट्रोलात होतं, आणि लोक रीत टॉवेलवर, रुमालावर भागवत होते. मला भागवायचं नव्हतं. माझ्या डोक्याला फेटा एकदाच बांधला गेला होता, बापाच्या दिवसांना, मामानं. मानाचा असा एकही नाही. चुलता बराच वेळ घासाघीस करत राहिला, मग हात वर करून म्हणाला, "दिला बाबा फेटा. पर कान हळू धर, फौजी माणूस हाय, लगीच बंदूक काडंल."

लग्न त्यांच्या दारात झालं. मी, आई आणि आमच्याकडची दोन गाड्या माणसं. अक्षता पडल्या, होम झाला, आणि कानपिळीला मी पुढं झालो.

ज्यांनी कानपिळी पाहिली नसेल त्यांना सांगायला हवं की तिचं सगळं खोटं असतं आणि ते सगळ्यांना माहीत असतं. नवरा आपणहून मान कलती करतो, कान मेव्हण्याच्या हाती देतो. बायका ओरडतात, पिळा, जोरात पिळा. मेव्हणा दोन बोटांत कान नुसता धरतो. नवरा कळवळल्यासारखा बोंबलतो. जेवढा कान हलका धरलेला तेवढा तो मोठ्यानं बोंबलतो, आणि तेवढा मांडव हसतो.

त्यानं मान कलती केली. कानात, वरच्या बाजूला, सोन्याची बाळी होती. मी कान धरला, विचारलं, "नांदवशीला का नीट?"

"नांदवतो, नांदवतो. सोडा, आई आई!" मांडव हसला.

तेवढ्यात चुलता ताट घेऊन आला. ताटावर झाकलेलं फडकं त्यानं झटक्यात ओढलं. ताटात पोतेरं होतं. चूल सारवायचं पोतेरं, शेणामातीनं वाळून कडक झालेलं, फेट्यासारख्या घड्या घालून ठेवलेलं.

"घ्या पावणं," तो म्हणाला, "कंट्रोलातलं कापड. तुमच्या माळाला शोभंल."

लोक इतके हसले की मांडवाचा खांब धरून उभी असलेली माणसं खाली बसली. मी आईकडं पाहिलं. तिनं पदर तोंडावर ओढून मान खाली घातली होती. आमच्या दोन गाड्यांतलं एकही माणूस हसत नव्हतं.

कोरा फेटा चुलत्याच्या काखेत होता. उपरण्याखाली. हसून झालं की काढायचा आणि थाटात बांधायचा, असं त्यांच्याकडच्या सगळ्यांना माहीत होतं. माझ्याकडच्या एकालाही नव्हतं. आता सांगा, ज्या दिवसांत लोक धोतराचे तुकडे करून नेसत होते त्या दिवसांत, ज्यानं फेट्यावर एवढी घासाघीस केली त्यानं पोतेरं दिलं, तर मी काय समजायचं?

कान माझ्या बोटांत होता. मी पिळला.

तो ओरडला. लोकांना वाटलं, आता तर ह्यानं अगदीच हलका धरलाय, आणि ते आणखी हसले. मी आणखी पिळला. तो गुडघ्यावर आला, लोक टाळ्या वाजवायला लागले. बाळी माझ्या बोटाला अडकली होती आणि ती निघाली तेव्हा ती एकटी निघाली नाही. रक्त सदऱ्याच्या खांद्यावर उतरलं तेव्हा कुठं पुढच्या रांगेतल्या बायका थांबल्या. मग मागचे थांबले. वाजंत्री सगळ्यात शेवटी.

चुलत्यानं काखेतला फेटा काढला. "आवं, ह्यो काय हितं हाय की," एवढंच बोलला.

आता काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. लाठ्या निघणार, किंवा आमच्या गाड्या नवरीसकट माघारी जाणार. बहीण अंतरपाटाच्या जागेवर तशीच उभी, अक्षता केसांत. आणि नवरा हसला. सगळ्यांच्या आधी. कानावर हात दाबून, दात दाखवून तो म्हणाला, "मजाक हाय. मेव्हण्यानं पिळायचाच असतो. वाजवा रं, थांबला का?"

वाजंत्री सुरू झाली. फेटा मला त्यानं स्वतःच्या देखत बांधायला लावला. लोक म्हणाले, काय मनाचा माणूस आहे. मीही म्हणालो.

नागपंचमीला मी मुराळी म्हणून बहिणीला आणायला गेलो. लेकीला माहेरी आणायला भावानं जायचं, तोच मुराळी. सोप्यात शेजारची पाच-सात माणसं बसली होती, चुलताही होता. पाणी झालं, चहा झाला. दाजीचा उजवा कान बरा झाला होता, पण वरच्या बाजूला चिरलेला राहिला होता आणि तिथं मांसाची गाठ धरली होती. त्यानं आत हाक मारली, "ये गं इकडं. भाऊ आलाय."

बहीण बाहेर आली. त्याच्यापुढं उभी राहिली आणि तिनं मान कलती केली. न सांगता. ते पाहूनच मला कळायला हवं होतं की हे पहिल्यांदा होत नाही.

त्यानं तिचा कान धरला. "पावणं, बघा. तुमी पिळला तसाच पिळतो का न्हाई?" आणि पिळला. ती "आई गं" म्हणाली आणि हसली. माणसं हसली. आणि मीही हसलो. हे मी लपवत नाही. मला वाटलं, चला, फिटलं. माझ्या पापाचं असं हसण्यावारी उतरणं मला बरं वाटलं. त्यानं कान अजून सोडला नव्हता आणि मी हसतच होतो.

घरी आल्यावर आईनं तिच्या केसांना तेल लावताना कान पाहिला. बुगडी नव्हती. बुगडीच्या जागी सूज होती आणि मागं जुना, काळा पडलेला डाग. "हे काय गं?"

"खेळात लागलं," बहीण म्हणाली आणि झोक्याकडं निघून गेली.

दिवाळीला गेलो तेव्हा तेच. संक्रांतीला त्यांच्या बाजूनं माल घेऊन निघालो होतो म्हणून वाकडी वाट करून गेलो, तेव्हा तेच. दर वेळी चार माणसं जमवलेली, दर वेळी हाक, दर वेळी तिनं मान कलती करायची. तिसऱ्या वेळी ती हसायला विसरली. तर तो म्हणाला, "हस की. भावाला वाटंल खरंच पिळतोय." ती हसली.

मग माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या गावातल्या पाच वडीलधाऱ्यांना देवळापुढं बसवलं. पारावर बाकी गावही जमलं. मी सांगितलं, हा माझ्या बहिणीचा छळ आहे, हा थांबला पाहिजे.

दाजी हसतच उभा राहिला. "छळ? मी तिला बोट लावत न्हाई, गावाला इचारा. पोटभर जेवती, अंगभर नेसती. कानाचं म्हणाल तर त्यो मजाक हाय. मेव्हण्या-मेव्हण्यांतला."

खरंच होतं ते. एरवी तो तिला चांगला वागवायचा. गावानं माना डोलावल्या.

चुलता म्हणाला, "पावणं, एक सांगा. मांडवात तुमी पिळला त्यो मजाक हुता का न्हवता?"

मी पंचांकडं पाहिलं.

"मजाक आसंल तर ह्यो बी मजाक. मजाक नसंल तर तसं बोला. म्हंजे मग आमी बी बघू, भर मांडवात नवऱ्या मुलाचा कान फाडणाऱ्याच्या बहिणीला कसं नांदवायचं ते."

आयुष्यभर मी लोकांना असं दोन बाजूंनी धरलं आहे. स्वतः असा कधी धरला गेलो नव्हतो. होता म्हणावं तरी बहीण जाते, नव्हता म्हणावं तरी जाते. मला एकच सुचलं. मी डोक्यावरचा पटका काढला, दाजीपुढं गेलो आणि मान कलती केली. "माझा पिळा," म्हणालो. "फाडा. आन् फिटलं म्हणा."

तो लंगडत जवळ आला. माझ्या कानाला त्यानं दोन बोटं लावली, लहान पोराच्या कानाला लावावी तशी, आणि काढून घेतली.

"तुमचा कान पिळायचा मान आमाला न्हाई, पावणं," तो म्हणाला. "रीत हाय का तशी?"

जे हसू फुटलं ते देवळाच्या आत ऐकू गेलं असेल. माझा हात वर गेला. दोघांनी तो धरला नसता तर मी त्याच्या थोबाडात दिली असती. आणि मग सगळ्यांना दिसलं काय, तर तो हसत उभा आहे आणि मी हात उगारून. "बघा," चुलता म्हणाला, "ह्यास्नी थट्टा कळतच न्हाई."

पंचांपैकी एकानं बहिणीला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "मजाकच हाय त्यो." सभा उठली.

वेशीपर्यंत ती घागर घेऊन माझ्याबरोबर आली. मी म्हणालो, "आत्ताच्या आत्ता चल माझ्यासंगं. मी घालीन खायला."

"आन् किती वर्सं घालशील?"

"मरंपर्यंत."

"मला न्हाई तसं जगायचं, दादा. माझं घर हाय ह्ये." थोडं चालून ती थांबली. "तू येऊ नगंस. तू नसतास तवा ते माझ्या कानाला हात लावत न्हाईत. तू आलास की माणसं जमवत्यात."

"कवाच लावत न्हाईत?"

"न्हाई म्हनलं न्हवं."

"मग पंचमीला दुसऱ्या कुणाला मुराळी धाडतो."

"धाडून बघ," ती म्हणाली.

मी चुलतभावाला धाडून पाहिला. त्याला जेवूखाऊ घातलं आणि रिकामा परत पाठवला. निरोप आला की सख्खा भाऊ जिवंत असताना दुसऱ्याबरोबर सून धाडायची आमच्यात रीत नाही. सख्ख्यानं यावं, आनंदानं न्यावं.

म्हणजे मी गेलो तर तिचा कान, आणि न गेलो तर तिचं माहेर. ह्यातलं काय सोडायचं ते मी ठरवायचं होतं. मी गेलो नाही. एक पंचमी गेली, दुसरी गेली. गावातल्या सगळ्या लेकी झोक्यावर, आणि आई उंबऱ्यावर. दुसऱ्या वर्षी ती मला म्हणाली, "जा की रं. पिळला कान तर पिळू दे. घटकाभराचं दुखणं हाय. पोरगी डोळ्यांपुढं तरी इल."

"तुझा कान असता म्हंजे कळलं असतं," मी म्हणालो.

"माझा पिळून जर ती येत असंल तर ईळा आणून काप," आई म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. बाजारात लोक विचारायचे, बहिणीकडं जात नाहीस होय, लय मोठा झालास.

तिसऱ्या वर्षी पंचमीच्या आधी आईनं अंथरूण धरलं. वैद्य म्हणाला, आता लेकीला आणा. मी गेलो.

सोप्यात दाजी होता, चुलता होता, ऊस बघायला आलेली दोन माणसं होती. मी आईचं सांगितलं. दाजीनं ऐकून घेतलं, मान हलवली, वाईट झालं म्हणाला. मग आत हाक मारली, "ये गं."

मला पाहून बहिणीच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. माझा राग होता. ती पुढं आली, मान कलती केली. त्यानं पिळला. ह्या वेळी कुणी हसलं नाही. चुलता तंबाखू मळत राहिला. पाहुण्यांना काही कळलं नाही, ते उसाकडं पाहू लागले. त्यालाही हसू येत नव्हतं. बैलाच्या मानेवर जू ठेवावं तसं त्यानं ते उरकलं आणि म्हणाला, "न्या. आठ दिसांनी मी इतो न्यायला."

वाटेत ती एकदाच बोलली. "आई मराय लागली म्हणून आलास," म्हणाली. मी तिच्या उजव्या बाजूला बसलो होतो. मी जे उत्तर दिलं ते तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्यानं बोललो तेव्हा तिनं मानेनंच नको म्हटलं. त्या, पिळलेल्या कानानं तिला कमी ऐकू येतं हे मला तेव्हा समजलं. विचारलं तर म्हणाली, लहानपणापासून आहे. लहानपणी मी तिला बांधाच्या पलीकडून हळूच हाक मारायचो आणि ती धावत यायची, हे मी तिला सांगितलं नाही.

आई त्या दुखण्यातनं उठली. ते आठ दिवस घर घरासारखं होतं. नवव्या दिवशी दाजी आला.

आमच्या सोप्यात आमच्या गावची माणसं. चहा झाला, ऊस-पाण्याच्या गोष्टी झाल्या. बहीण गाठोडं घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. आणि तो माझ्यासमोर येऊन बसला, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

"पावणं," तो म्हणाला, "आज तुमचं घर हाय. पिळा."

आणि त्यानं मान कलती केली. उजवा कान माझ्याकडं.

सगळे माझ्याकडं बघत होते. आमच्या गावाला अर्धंमुर्धं माहीत होतं. मी पिळला असता तर तो मोठ्यानं ओरडला असता, बहिणीला घेऊन गेला असता, आणि पुढं काय ते मला ठाऊक होतं. पिळलाच नसता, हात मागं घेतला असता, तर तो म्हणाला असता, अजून राग हाय. त्याला मी नीट खेळायला पाहिजे होतो. मांडवात जसं खेळायला हवं होतं तसं, चार माणसांसमोर, म्हणजे मांडवात मी खरंच पिळला होता, ते खेळणं नव्हतं, हे माझ्याच हातानं सगळ्यांना दिसावं. एवढ्यासाठी त्यानं तीन वर्षं घालवली होती.

मी दोन बोटांत कान धरला. वरची गाठ बोटाला लागली, चिंचोक्याएवढी, टणक. माझ्या अंगातलं रक्त त्या दोन बोटांत उतरलं होतं, आणि मी ती हलवली नाहीत.

"नांदवशीला का नीट?" मी विचारलं.

"नांदवतो, नांदवतो. सोडा, आई आई!"

सोपा हसला. मी हसलो. मोठ्यानं हसलो, मांडी थापटून हसलो, लोकांनी मागं वळून पाहावं इतका. तो कान चोळत उठला, न दुखलेला कान, आणि बहिणीला म्हणाला, "चल."

ती वहाणा घालत होती. माझ्याकडं तिनं पाहिलं ते दाजीकडं पाहावं तसंच. मग गाठोडं डोक्यावर घेतलं आणि त्याच्या मागून, डाव्या बाजूनं, तो कमी ऐकणारा कान त्याच्याकडं करून, चालायला लागली.

पुढच्या पंचमीला त्यानं स्वतःच तिला आणून सोडलं. तिचा कान पुन्हा कधी पिळला गेला का, हे मी तिला विचारलं नाही, आणि तिनं मला सांगितलं नाही.